ह्यांना विचारून सांगते

सर्वेक्षणाची मुलगी आत्याच्या लॉन्ड्रीत जाऊन आली, त्या संध्याकाळी आत्याचा फोन आला. आवाजात किल्ला सर केल्याचा थाट होता.

"सर्व्हेवाली एक मुलगी येऊन गेली गं, ठकू. गुणी पोरगी. चहा पाजला, सगळी उत्तरं नीट दिली."

"काय उत्तरं दिलीस?"

"धंदा कोणाचा? ह्यांचा. शेवटचा निर्णय कोण घेतं? हे घेतात. बँकेचं कोण बघतं? हेच. मी आपली मदतीला असते. बरोबर ना?"

मी फोन कानापासून लांब धरला, नाहीतर तोंडातून काय निघालं असतं सांगता येत नाही. माझी आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिच्या लॉन्ड्रीत डझनभर माणसं कामाला आहेत. शहरातल्या तीन हॉटेलांच्या आणि एका हॉस्पिटलच्या चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे तिच्याकडे धुवायला येतात. बॉयलरचा आवाज जरा बदलला की ती भरल्या ताटावरून उठते. आणि आतोबा? आतोबा म्हणजे देवमाणूस. धंदा सुरू त्यांनीच केला होता, पण कमरेने दगा दिल्यापासून ते मागच्या खोलीत बसून जुने रेडिओ उघडतात आणि जमलं तर परत बंद करतात. धंद्यातला शेवटचा निर्णय आपण कधी घेतला होता, हे त्यांना स्वतःलाही आठवणार नाही.

"आत्या, मदतीला म्हणजे काय गं? तू आजारी पडलीस तर शटर वर जात नाही!"

"अगं, पण तसं सांगितलं असतं तर ह्यांना कसं वाटलं असतं? आणि सरकारी माणसांना कशाला आपलं सगळं सांगायचं?"

"ती सरकारी नव्हती, माझी विद्यार्थिनी होती. आणि ज्या वर्गात मला बसव म्हणून तू माझा जीव खातेस ना, त्याच वर्गासाठी हा सर्व्हे आहे!"

आत्याचा थाट उतरला. मग अगदी बारीक आवाजात, "मग आधी सांगायचं नाही का?"

आधी सांगायचं नसतं, हीच तर संशोधनाची अट. पण ती अट तेव्हा आत्याला समजावण्याइतकं माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

मी कॉमर्स कॉलेजात आंतरराष्ट्रीय व्यवसाय हा विषय शिकवते. परदेशातल्या एका नावाजलेल्या बिझनेस स्कूलला उशिरा का होईना, साक्षात्कार झाला होता की आपल्या वर्गांत सगळी एकाच साच्यातली माणसं बसतात. बहुतेक पुरुष, बहुतेक खात्यापित्या घरचे, बहुतेक बापाचा धंदा पुढे चालवणारे. अभ्यासाला घेतलेल्या कंपन्याही त्यांच्याच, आणि त्यावर पुस्तकं लिहिणारेही तेच. म्हणून त्यांनी वैविध्य, समता आणि समावेशन अशा तीन भारदस्त शब्दांचा एक प्रकल्प काढला. सहा देशांतली सहा कॉलेजं निवडली, त्यात आमचं एक. छोटा धंदा चालवणाऱ्या बायकांसाठी या कॉलेजांत वर्षभराचा वर्ग निघणार होता, तोही फुकट. त्याआधी सर्वेक्षण. ज्या शहरात शंभरातले निदान पंचवीस धंदे बायकांच्या हातात दिसतील, तिथेच वर्ग. मालकिणीच नसतील तर बसवायचं कोणाला, हे त्यांचं म्हणणं वरवर बघता अगदी रास्त होतं.

आत्याला हा वर्ग हवा होता, आणि तो हौस म्हणून नव्हे. परदेशी साखळीची मोठी हॉटेलं शहरात येऊ घातली होती, आणि त्यांची कंत्राटं म्हणजे चांगल्या जाडजूड पुस्तकाएवढी. "तसले कागद पुढे आले की मी चष्मा विसरल्याचं सोंग करते," ती मला एकदा म्हणाली होती. "किती दिवस विसरू चष्मा? मला ते वाचून, समजून, भांडून सही करायचीय." हे बोलताना तिचे डोळे भरून आले होते. शाळा अर्ध्यावर सुटलेली ही बाई. जन्मभर कोणाकडे काही मागितलं नाही, आणि मागितलं ते हे. तिला त्या वर्गात बसवायचंच, असं मी त्याच दिवशी मनाशी पक्कं केलं होतं.

सर्वेक्षणाचा निकाल आला. शंभरात नऊ.

प्राचार्यांचा चेहरा पडला. परदेशी संस्थेच्या नावाची पाटी लावायला त्यांनी दारावरची जागासुद्धा हेरून ठेवली होती.

"मॅडम, मुलींना परत एक चक्कर मारायला सांगा," ते म्हणाले. "या वेळी बायकांना जरा समजावायचं, की बाई, 'मी' म्हणा."

"म्हणजे उत्तरं पढवायची?"

"पढवायची नाही हो. मदत करायची."

"सर, पढवलेल्या उत्तरांवर वर्ग काढला तर तो माझ्या नावाला बट्टा. मी नाही करणार."

"मग वर्ग हातचा गेला म्हणून समजा."

"जाऊ देणार नाही," मी म्हणाले.

म्हणाले खरी, पण कसं, ते मला कुठे ठाऊक होतं? या बायका खोटं बोलत होत्या असं मला वाटत नव्हतं, आणि खरं बोलत होत्या असं तर मुळीच वाटत नव्हतं. डोकं फोडून घेण्यापेक्षा डोळ्यांनी बघावं म्हणून दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि आत्याच्या लॉन्ड्रीत जाऊन बसले.

आत गेलं की आधी वाफ अंगावर येते आणि मग साबणाचा वास. एका भिंतीला धुण्याची मोठी यंत्रं, त्यांच्या समोर इस्त्रीचा लांब रूळ, त्यातून चादरी एका बाजूने चुरगळलेल्या शिरतात आणि दुसऱ्या बाजूने कडक होऊन निघतात. घड्या घालायच्या टेबलाशी चार बायका आणि दोन पुरुष अखंड बडबड करत उभे. सगळ्या कानाकोपऱ्यात सुती धाग्यांचा पांढरा कापूस साचलेला. आत्या दाराजवळच्या काउंटरवर, जिथून तिला यंत्रं, माणसं आणि रस्ता तिन्ही दिसतात.

सकाळीच सगळ्यात मोठ्या हॉटेलचा मॅनेजर स्वतः आला. जाडजूड, अत्तर लावलेला, घासाघीस हा ज्याचा छंद आहे असा माणूस.

"दरात थोडं कमी करा की बाई. एवढं काम देतो तुम्हाला."

आत्या गोड हसली. "मला काय हो, मी आत्ता केलं असतं. थांबा, ह्यांना विचारून सांगते."

ती मागच्या खोलीत गेली. मॅनेजरने कपाळ पुसलं आणि हळू आवाजात मला विचारलं, "आज मूड कसाय?"

"कोणाचा?"

"मालकांचा हो. फार कडक माणूस!"

आतोबा? कडक? मी ओठ दाताखाली धरला. तेवढ्यात आत्या पडलेल्या चेहऱ्याने बाहेर आली. "नाही म्हणतात हो. मी केवढी गयावया केली."

"राहू द्या, राहू द्या. माझ्यापायी तुम्हाला बोलणी नकोत," असं म्हणून मॅनेजर जवळजवळ पळालाच.

थोड्या वेळाने घड्या घालणाऱ्यांपैकी एकाने ऐन गर्दीच्या आठवड्यात सुट्टी मागितली. ह्यांना विचारून सांगते. ह्यांनी नाही म्हटलं. मग साबणाची पावडर विकणारा आला आणि नवीन माल गळ्यात मारायला लागला. "ह्यांना विचारून सांगते," आत्या म्हणाली आणि आत गेली. या वेळी मी तिच्या मागोमाग उठले.

खोलीत टेबलावर एक रेडिओ आतडी काढून पडला होता. खुर्ची रिकामी होती. आत्या माठापाशी उभी राहून सावकाश पाणी पीत होती.

"आतोबा कुठेत?"

"केस कापायला गेलेत. मघाशीच."

"मग तू विचारतेस कोणाला?"

माझं शिक्षण वाया गेलंय की काय, अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं. "कोणाला म्हणजे? ह्यांना!" मग तिने पेला पालथा घातला, चेहरा पाडला आणि बाहेर जाऊन पावडरवाल्याला वाटेला लावलं.

मी आतोबांच्या खुर्चीत बसून पोट धरून हसले. आणि हसता हसता थांबले. या बाईने नवऱ्याच्या नावाने एक दुसराच नवरा घडवला होता, कडक, चिक्कू, कोणाचं न ऐकणारा, आणि त्याला काउंटरच्या मागे कामाला लावला होता. नकार तो देणार आणि लोभ हिच्यावर राहणार. दिवसातून दहा वेळा जी बाई गिऱ्हाइकाला सांगते की निर्णय हे घेतात, ती सर्वेक्षणाच्या मुलीला दुसरं काय सांगणार होती?

आतोबा आले, मानेवर बारीक केस चिकटलेले. मी त्यांना सरळच विचारलं. त्यांना सगळं माहीत होतं.

"बाजारात लोक मला बघून रस्ता बदलतात," ते म्हणाले. "न्हावी तर माझ्या डोक्याला हात लावायच्या आधी तीनदा विचारतो."

"तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"वाईट कशाला? शाळेत मला मांजरसुद्धा घाबरत नव्हतं गं." त्यांचा आनंद अगदी खरा होता.

त्याच आठवड्यात मी नवे प्रश्न तयार केले. निर्णय कोण घेतं, हे विचारायचंच नाही. मागच्या वेळी गिऱ्हाइकाला नाही म्हणालात, तेव्हा घरी विचारून सांगते असं म्हणाला होतात का? आणि मग खरंच विचारलंत का? मुलींना ताकीद दिली की एक शब्द पढवायचा नाही, हसायचं नाही, मान हलवायची नाही. त्या परत सगळ्या दुकानांत फिरल्या. बायका आधी दचकल्या, मग मागे वळून पाहिलं आणि मग खुदकन हसल्या. किल्ल्या बनवणाऱ्या एका बाईचा नवरा कित्येक वर्षं बोटीवर आहे, त्याला फोन लागत नाही. तरी ती प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याला विचारून दर सांगते. नऊचे चौतीस झाले.

प्रकल्पाच्या प्रमुखांना आम्ही आपसांत मोठे सर म्हणायचो. माणूस सज्जन, बोलणं मऊ, पाठीमागे छतापर्यंत पुस्तकं. दुपारी संगणकाच्या पडद्यावर भेट ठरली. माझ्या शेजारी प्राचार्य नवा शर्ट घालून बसले. मी सगळं सांगितलं. आत्या, माठ, रिकामी खुर्ची. मोठे सर मनापासून हसले.

"फारच रंजक," ते म्हणाले. "तुमच्या संस्कृतीचा किती सुंदर पैलू आहे हा! आपण तो परिशिष्टात नक्की घालू."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांच्या शहरात घडतं ते शास्त्र आणि आमच्याकडे घडतं ती संस्कृती. त्यांचं पुस्तकात जातं, आमचं पुस्तकाच्या शेपटीला.

"आणि मुख्य अभ्यासात?" मी विचारलं.

"तिथे जुनाच आकडा ठेवावा लागेल. सहा देशांची तुलना करायची तर प्रश्न सगळीकडे सारखे हवेत. एकट्या तुमच्यासाठी कसे बदलणार?"

"एकट्या माझ्यासाठी नकोच. सहाही शहरांत विचारा. बायकांनाही आणि पुरुषांनाही. तुमच्या शहरात पण."

"आमच्याकडे त्याची गरज नाही हो. आमच्याकडे बायका थेट बोलतात."

"विचारून पाहिलंत?"

ते जरा चुळबुळले. "हे बघा, माझी काही हरकत नाही. मी तर आत्ता हो म्हटलं असतं. पण निर्णय समितीचा. समितीला विचारून सांगतो."

तासाभरात त्यांचा निरोप आला. समितीने बराच विचार केला, पण समितीला हे मान्य नाही. त्यांना व्यक्तिशः फार वाईट वाटतंय.

मी निरोप दोनदा वाचला. मला माठ दिसला, पेला दिसला. मी ताबडतोब परत फोन लावला. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, नमतं घ्या. परिशिष्ट तर परिशिष्ट. निदान नाव तर राहील." मोठे सर पडद्यावर आले.

"सर, एक विचारू का?" मी म्हणाले. "समितीत सहा देशांची माणसं आहेत. त्यातली दोघं आत्ता गाढ झोपेत असतील. एवढ्या वेळात तुम्ही समितीला खरंच विचारलंत का?"

प्राचार्यांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. पडद्यावर मोठ्या सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांचे कान लाल झाले होते.

"नाही," ते शेवटी म्हणाले. "विचारलं नाही." आणि मग, "खरं सांगायचं तर मी नेहमी असंच करतो. तोंडावर नाही म्हणणं बरं वाटत नाही. माणसं दुखावतात."

"माझ्या आत्यालाही असंच वाटतं. तिचं आणि तुमचं कसब अगदी सारखं आहे. पण तुम्ही समितीला विचारतो म्हणालात तरी प्रकल्पाचे प्रमुख तुम्हीच राहता. तिने ह्यांना विचारते म्हटलं की ती मदतनीस ठरते. आणि मग तुम्हीच मला सांगता की आमच्या शहरात मालकिणी नाहीत." माझा आवाज चढला होता आणि मी तो उतरवला नाही. "सहाही ठिकाणी विचारा, सर. नाहीतर आमच्या शहराचा एकूण एक आकडा अभ्यासातून काढून टाका. आम्ही परिशिष्टात बसणार नाही."

प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले. आकडे काढले की वर्गाबरोबर नावही गेलं, हे मलाही कळत होतं. पण खोट्या आकड्यासह नाव टिकवून काय करायचं होतं? आत्या तरी बाहेरच राहिली असती.

मोठ्या सरांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. "आता मी समितीला खरंच विचारतो," ते म्हणाले.

या वेळी उत्तराला दोन आठवडे लागले, आणि त्यावरूनच मी ओळखलं की विचारलंय. सहाही शहरांत नवे प्रश्न गेले. निकाल मोठ्या सरांनी स्वतः वाचून दाखवला. त्यांच्या शहरातही बायकांचा आकडा दुपटीच्या वर गेला होता. गंमत पुरुषांची होती. सहाही शहरांतले पुरुष गिऱ्हाइकाला बेधडक सांगत होते, बायकोला विचारून सांगतो, भागीदाराला विचारून सांगतो, आणि विचारत कोणालाच नव्हते. पण जुन्या प्रश्नांत शेवटचा निर्णय कोणाचा म्हटल्यावर त्यांनी छातीवर हात ठेवून 'माझा' म्हटलं होतं. युक्ती दोघांची एकच, आणि तिची किंमत मोजत होत्या फक्त बायका. मोठे सर म्हणाले की हा आता अभ्यासाचा पहिला निष्कर्ष आहे, आणि तो मीच लिहावा.

आमच्या शहराला वर्ग मिळाला. मी पेढ्यांचा डबा धरल्यासारखी ती बातमी घेऊन आत्याकडे धावले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मुलाखत असणारे," मी म्हणाले. "मी तुझी भाची, म्हणून मला मत नाही. प्रकल्पातली एक परदेशी बाई, आमचे प्राचार्य, आणि व्यापाऱ्यांतर्फे एक जण. तो तुझा हॉटेलचा मॅनेजर."

आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. "आणि विचारणार काय?"

"धंद्यात नाही कोण म्हणतं, ते."

"मला नको तुझा वर्ग."

"आत्या!"

"ओरडू नकोस. तुझं काय जातंय? तुझा लेख छापून येईल, लोक टाळ्या वाजवतील. मी त्या माणसासमोर सांगायचं की आत कोणीच नव्हतं? उद्या तो काम काढून घेईल, परवा बाकीचे. ही पोरं कुठे जातील?" तिने घड्या घालणाऱ्यांकडे हात केला. "कडक पुरुष चालतो गं लोकांना. कडक बाई म्हणजे माजलेली. ह्यांच्या आडोशाने मी सगळं उभं केलं, आणि तू तो आडोसाच काढायला निघालीस."

सहा देशांचे आकडे माझ्या तोंडपाठ होते, आणि त्यातल्या एकाही बाईचा आडोसा गेल्यावर तिचं काय होतं, हे मी कुठेच विचारलं नव्हतं. मला स्वतःचीच चीड आली. "मॅनेजरला मुलाखत घेणाऱ्यांतून काढायला सांगते," मी म्हणाले.

रुळातून निघालेली एक चादर आत्याने हातात घेतली, उगाच उलगडली, परत घडी घातली.

"नको काढू," ती म्हणाली. "चोरून शिकून मी काय करू? नव्या हॉटेलवाल्यांसमोर बसेन तेव्हा पण काय, ह्यांना विचारून सांगते म्हणू? त्याला राहू दे. व्हायचं ते होईल."

मुलाखतीच्या दिवशी आतोबा इस्त्रीच्या शर्टात बरोबर आले आणि बाहेरच्या बाकावर कंबर सांभाळत बसले. आत लांब टेबल, त्यामागे तिघं. मी भिंतीशी खुर्ची घेतली. मॅनेजरने आत्याला बघून ओळखीचं हसू दिलं. "अरे वा! मालकांनी परवानगी दिली म्हणायची!"

परदेशी बाईंनी कागद बाजूला सारला. त्यांचा प्रश्न प्राचार्यांनी मराठीत करून सांगितला. "गिऱ्हाइकाला शेवटचं नाही कधी म्हणालात? आणि ते कोणी ठरवलं?"

आत्याचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट अडकले होते. तिने एकदा दाराकडे पाहिलं, मग मॅनेजरकडे.

"ह्या साहेबांनाच म्हणाले. काही महिन्यांपूर्वी. दर कमी करा म्हणत होते."

"हो, पण ते मालक म्हणाले होते," मॅनेजर हसत परदेशी बाईंना सांगायला लागला. "ह्या बिचाऱ्या मध्ये पडतात नेहमी..."

"मालक आत नव्हतेच, साहेब. मी आत जाऊन पाणी प्यायले आणि बाहेर येऊन नाही म्हणाले."

मॅनेजरचं हसू तसंच राहिलं, पण त्यातला जीव गेला. "आणि त्याच्या आधीच्या वेळी?"

"तेव्हाही मीच."

"बॉयलर फुटला तेव्हा बाकी सगळी कामं बाजूला ठेवून आमचं आधी काढा, असं मालक म्हणाल्याचं तुम्ही सांगितलं होतंत."

"ते पण मीच ठरवलं."

तो मागे मागे जात होता, एकेक वर्ष आठवत. "एकदा त्यांनी दर कमी केला होता. पूर्ण हंगामभर."

"ते मात्र ह्यांनी केलं," आत्या म्हणाली. "मी चार दिवस भावाकडे गेले होते. परत आल्यावर मला घाम फुटला."

प्राचार्यांना ठसका लागला. मॅनेजर हसला नाही. त्याचा चेहरा काळवंडला होता. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही मला फसवलंत, बाई."

मी खुर्चीची कड धरली. एका शब्दावर तिचं निम्मं काम जाणार होतं, आणि तो शब्द त्याच्या हातात होता.

"फसवलं," आत्या म्हणाली. तिची नजर खाली गेली नाही. "चादर मात्र एकदाही उशिरा दिली नाही. एक विचारते, साहेब. मीच नाही म्हणतेय, असं तेव्हा सांगितलं असतं, तर तुम्ही ऐकलं असतं?"

मॅनेजरने टेबलावरचं पेन उचलून परत ठेवलं.

"नसतं ऐकलं," तो म्हणाला. "त्याच दिवशी दुसरी लॉन्ड्री बघितली असती."

"आता बघणार का?"

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. इतकी वर्षं तो तिच्या खांद्यावरून मागच्या दाराकडे बघत आला होता. "दर काही तुम्ही कमी करणार नाही, असं दिसतंय," तो म्हणाला.

"नाही करणार."

"मग नाही बघत," तो म्हणाला, आणि परदेशी बाईंकडे वळला. "ह्यांना घ्या. इतकी वर्षं मी कोणाशी भांडत होतो, ते आज मला कळलं."

सोमवारपासून वर्ग, असं प्राचार्यांनी तिथेच सांगितलं. आत्या उठली. मी पुढे होऊन तिचा दंड धरला, तो तिने सोडवून घेतला आणि एकटी दाराबाहेर गेली. मी मागोमाग गेले.

आतोबा कमरेवर हात ठेवून धडपडत उभे राहिले. "काय गं? काय झालं?"

"तुमची नोकरी गेली," आत्या म्हणाली.

"माझी? कोणती?"

"लोकांवर रागावण्याची."

आतोबा परत बाकावर बसले. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर खरंच वाईट वाटल्यासारखं दिसलं. मग त्यांनी सरकून तिला जागा करून दिली. "एवढी वर्षं केली," ते म्हणाले, "आणि मी एक दिवस कामावर गेलो नाही."

आत्या त्यांच्या शेजारी बसली. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि येणारेजाणारे बघत होते त्याची तिला काडीचीही पर्वा नव्हती.